धरण भरलं, मग मासे गेले कुठे? पावसाळ्यानंतर खान्देशातल्या पाण्यात मासा शोधण्याचं गणित

पावसाळ्यात जळगाव जिल्ह्यातल्या मोबाइलवर एक व्हिडिओ हमखास फिरतो. हतनूर धरणाचे दरवाजे उघडलेले असतात, तापीचं गढूळ पाणी फेसाळत खाली झेपावतं आणि खाली 'आज ४१ पैकी किती दरवाजे उघडले' याची चर्चा रंगते. सोबत पुलाजवळ मासे धरायला जमलेल्या गर्दीचे फोटोही येतात.

मग पाऊस थांबतो. ऑक्टोबर येतो. धरण काठोकाठ भरलेलं असतं. एवढं पाणी म्हणजे आता मासेच मासे, असं कुणालाही वाटेल. पण जाळं टाकणाऱ्याला विचारलं तर तो वेगळंच सांगेल. पाणी सगळ्यात जास्त असतं तेव्हाच जाळं हलकं येतं आणि मे महिन्यात धरण आटतं तेव्हा तेच जाळं ओढताना दम लागतो.

असं का होतं? आणि भरलेल्या धरणात मासा शोधायचा तर कुठे? याचं उत्तर मोठ्या माशात सापडत नाही. ते सापडतं बोटभर लांबीच्या, बाजारात फारसा भाव नसलेल्या लहान माशात. हा लहान मासा जिथे जातो, तिथे मोठा मासा येतो. आणि खान्देशातल्या धरणांचं पुढच्या वर्षीचं उत्पन्नही बऱ्याच अंशी याच लहान माशाशी आपण कसं वागतो यावर ठरतं.

पाणी वाढलं की मासा 'कमी' का होतो?

मासे कमी होत नाहीत, ते पसरतात. उन्हाळ्यात धरणाचं पाणी जुन्या नदीपात्रापुरतं आणि भिंतीजवळच्या डोहापुरतं उरतं. सगळे मासे तेवढ्यात कोंडले जातात. पावसाळ्यात तेच पाणी कैक पटींनी वाढतं, नाल्यांमध्ये घुसतं, गवताळ माळ बुडवतं. माशांची संख्या जवळपास तेवढीच, पण फिरायला जागा मात्र अफाट.

आठवडी बाजारात गर्दीत ओळखीचा माणूस पटकन भेटतो, पण तोच माणूस अख्ख्या तालुक्यात शोधायचा म्हटला तर त्याचं घर, शेत, चहाची टपरी माहीत असावी लागते. माशाचंही तसंच. भरलेल्या धरणात नशिबावर जाळं टाकून भागत नाही, माशाच्या सवयी माहीत असाव्या लागतात.

प्रत्येक धरणाचं पाणी सारखं नसतं

हतनूर धरण भुसावळजवळ तापीवर आहे. तापी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला उगम पावते. गाविलगडच्या डोंगरातून निघून विदर्भातून येणारी पूर्णा तिला मुक्ताईनगर तालुक्यात चांगदेवजवळ मिळते. म्हणजे जळगावात ऊन पडलेलं असलं तरी बैतूल, बऱ्हाणपूर, अकोला, अमरावतीकडे पाऊस झाला की हतनूरचं पाणी वाढतं. या दोन्ही नद्या काळ्या मातीच्या मुलखातून येतात, त्यामुळे पाण्यासोबत गाळही भरपूर येतो. हतनूरचा जलाशय पसरट आहे आणि गाळ ही त्याची जुनी दुखणी.

वाघूर नदी अजिंठ्याच्या डोंगरातून येते. जगप्रसिद्ध लेणी तिच्याच नालेच्या आकाराच्या वळणावर कोरलेली आहेत. तिच्यावरचं वाघूर धरण जळगाव शहराला पाणी पुरवतं. गिरणा धरण नाशिक जिल्ह्यातल्या नांदगाव तालुक्यात असलं तरी त्याच्या पाण्यावर चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याची शेती अवलंबून आहे. धुळ्याकडे पांझरेवर अक्कलपाडा आहे, शहराजवळ नकाणे तलाव आहे आणि शिंदखेडा तालुक्यात तापीवर सुलवाडे बॅरेज आहे.

मासा शोधणाऱ्यासाठी यातला मुद्दा सोपा आहे. ज्या पाण्यात दूरवरून पूर येत राहतो, ते उशिरा निवळतं. लहान ओढ्यांवर भरणारा तलाव लवकर स्वच्छ होतो. एकाच तारखेला नकाण्यात एक चित्र असेल आणि हतनूरमध्ये दुसरं. म्हणून कॅलेंडरपेक्षा पाण्याचा रंग आधी बघावा लागतो.

पाऊस गेल्यावर पाण्यात नेमकं काय बदलतं?

पहिली गोष्ट, गाळ खाली बसतो. पुराचं चहासारखं पाणी हळूहळू निवळून हिरवट होतं. हा हिरवा रंग डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक वनस्पतींचा असतो. पाण्यात उजेड शिरला आणि शेतातून वाहून आलेली खतं, कुजलेला पाला मिळाला की या वनस्पती झपाट्यानं वाढतात. त्यांना खाणारे सूक्ष्म जीव वाढतात. त्यांना खायला लहान मासे येतात. पूर्ण धरणाचं जेवण इथून सुरू होतं.

दुसरी गोष्ट, तापमान. जळगाव-भुसावळला उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हिवाळ्यात रात्री १० अंशांच्या खाली येतो. ऑक्टोबर हीटमध्ये दिवसा वरचं पाणी गरम असतं. गरम पाणी हलकं असल्यानं वर तरंगतं आणि थंड, जड पाणी तळाशी राहतं. खोल जागी हे दोन थर एकमेकांत सहज मिसळत नाहीत. नोव्हेंबरमध्ये रात्री गार व्हायला लागल्या की वरचं पाणी थंड होऊन खाली बुडतं आणि धरण हळूहळू ढवळून निघतं.

तिसरी गोष्ट, प्राणवायू. थंड पाण्यात तो जास्त विरघळतो. ३० अंशांच्या एक लिटर पाण्यात साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांच्या पाण्यात सुमारे नऊ. तळाच्या थरात मात्र बुडालेलं गवत आणि पाला कुजत असतो. ती कुजण्याची क्रिया प्राणवायू संपवते. त्यामुळे ऑक्टोबरमध्ये खोल डोहाचा तळ माशाला नकोसा असू शकतो. 'मोठा मासा खोल पाण्यात' हा समज याच काळात फसतो.

म्हणून थर असेपर्यंत मासा तळ सोडून मधल्या आणि उथळ पाण्यात राहतो. पाणी ढवळलं गेलं की त्याला पूर्ण खोली मोकळी होते. हतनूरसारख्या पसरट जलाशयात वाराच बरंचसं पाणी ढवळून टाकतो, त्यामुळे तिथे थरांचा हा खेळ कमी चालतो. भिंतीजवळच्या खोल पाण्यात तो जास्त दिसतो.

लहान मासा कुठे सापडतो?

लहान माशाला दोनच गोष्टी हव्या असतात. पोटाला अन्न आणि लपायला जागा. भरलेल्या धरणात या दोन्ही गोष्टी एकत्र कुठे मिळतात ते पाहा.

नुकतंच बुडालेलं गवत. उन्हाळ्यात धरणाच्या पोटात उगवलेलं गवत, बेशरमाची झुडपं, बाभळी पाण्याखाली जातात. त्यांच्या काड्यांवर शेवाळ धरतं, किडे राहतात, झिंगे चिकटतात. बोटाएवढे चंदेरी मासे इथे थव्यानं फिरतात.

नाल्यांची तोंडं. धरणाचा फुगवटा नाल्यांमध्ये बोटांसारखा आत शिरलेला असतो. या बोटांच्या टोकाला पाणी उथळ असतं आणि शेतातून खत-माती आलेली असते, त्यामुळे अन्न आधी तिथे तयार होतं. पाऊस थांबल्यावर पहिले काही आठवडे लहान मासा तिथेच भरतो.

वारा लागणारा काठ. वारा वरचं पाणी ढकलतो आणि त्यासोबत सूक्ष्म जीवही समोरच्या काठाकडे साचतात. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, पाऊस गेल्यावर तो उत्तर आणि पूर्वेकडून वाहायला लागतो. त्यामुळे जुलैमध्ये जो काठ भरलेला होता, तो नोव्हेंबरमध्ये ओस पडलेला असू शकतो. दोन-तीन दिवस एकाच दिशेनं वारा वाहिला असेल तर ज्या काठावर लाटा आपटतात, तो काठ आधी बघायचा.

कडा. बुडालेला रस्ता, जुना बांध, नदीच्या जुन्या पात्राची धार अशा जागी उथळ पाणी एकदम खोल होतं. लहान मासा उथळ बाजूला असतो आणि त्याला खाणारा खोल बाजूला टपलेला असतो.

आणि मोठा मासा?

सगळे मोठे मासे शिकारी नसतात. धरणात सर्वाधिक सोडले जाणारे कटला, रोहू आणि मृगळ हे एकमेकांच्या वाट्याला जात नाहीत. कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं, तो वरच्या थरातले सूक्ष्म जीव गाळून खातो. रोहू मधल्या थरात, झुडपांवरचं शेवाळ खरवडतो. मृगळाचं तोंड खाली वळलेलं असतं, तो तळाची घाण उपसतो. माशाचं तोंड पाहिलं की तो कुठे जेवतो ते कळतं. त्यामुळे हिरवट पाणी आणि वाऱ्याचा काठ ही कटल्याची जागा, बुडालेली झुडपं ही रोहूची.

शिकारी मासे वेगळे. मरळ गवताच्या कडेला दबा धरून बसतो आणि लहान मासा टप्प्यात आला की झडप घालतो. तो थेट हवेतूनही श्वास घेतो, म्हणून गढूळ, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यातही टिकतो. शांत पाण्यात मधूनच एकट्या माशानं वर येऊन 'गुळ्ळ' केलं तर तो बहुधा मरळ असतो. शिवडा हा मोठ्या तोंडाचा, खवले नसलेला मासा मुख्यतः रात्री शिकार करतो. शिंगटा तळाला धरून फिरतो. लांबुळकी वाम दिवसा दगड-चिखलात दडते आणि अंधार पडल्यावर बाहेर निघते.

मरळाबाबत एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पाण्याच्या वरच्या भागात तांबूस-केशरी पिल्लांचा पुंजका एकत्र हलताना दिसला, तर त्याच्या खाली आई-बाप राखण करत असतात. त्या वेळी मोठा मरळ धरणं सोपं असतं, कारण तो पिल्लं सोडून जात नाही. पण तो गेला की सगळा पुंजका इतर माशांच्या तोंडी जातो.

अमेरिकेतही हाच हिशोब

अमेरिकेत 'स्ट्राइप्ड बास' नावाचा पट्टेरी शिकारी मासा आहे. मुळात तो समुद्रातला, अंडी घालायला नदीत चढणारा. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला साउथ कॅरोलायना राज्यात सँटी आणि कूपर नद्यांवर धरणं झाली आणि काही मासे भिंतीच्या आत अडकले. ते मरतील असं वाटत होतं, पण ते गोड्या पाण्यातच वाढले आणि त्यांची पिल्लंही झाली. त्यानंतर अमेरिकेतल्या अनेक तलावांत हा मासा मुद्दाम सोडला गेला.

शरद ऋतूत तिथले हौशी मासेमार या माशाला शोधताना 'शॅड' नावाच्या लहान चंदेरी माशाचा माग काढतात. पाणी गार होऊ लागलं की शॅडचे थवे तलावाच्या फाट्यांमध्ये आत शिरतात, पट्टेरी बास त्यांच्यामागे जातात आणि वर समुद्रपक्ष्यांचे थवे घिरट्या घालतात. महागड्या बोटींवर पाण्याखालचं दाखवणारे सोनार बसवलेले असतात, तरी अनुभवी माणूस आधी आभाळाकडे बघतो.

थर्माकोलच्या तराफ्यावर बसून तापीच्या फुगवट्यात जाळं टाकणारा मासेमारही तेच करतो. मासा वेगळा, हवा वेगळी, पण लहान माशामागे मोठा मासा हा नियम दोन्हीकडे सारखाच.

पक्षी काय सांगतात?

हतनूरचा जलाशय पक्षी निरीक्षकांच्या आवडीचा. पाऊस सरला की तिथे स्थलांतरित पक्षी उतरू लागतात. पण प्रत्येक पक्षी माशाची खबर देत नाही. कोणाकडे बघायचं आणि कोणाकडे दुर्लक्ष करायचं हे कळायला हवं.

पाणकावळे: थव्यानं एका रांगेत बुड्या मारत पुढे सरकत असतील, तर खाली लहान माशांचा थवा नक्की आहे. ते माशांना उथळ काठाकडे रेटत नेतात.

नदी सुरय: पांढरट-राखाडी, टोकदार पंखांचा हा पक्षी उडता उडता पाण्यात सूर मारतो. एकाच जागी अनेक सुरय पुन्हा पुन्हा सूर मारत असतील तर लहान मासा पृष्ठभागाजवळ आहे. त्याला खालून कुणीतरी वर हाकलतं आहे, अशीही शक्यता असते.

कवड्या खंड्या: काळ्या-पांढऱ्या रंगाचा हा खंड्या एका जागी हवेत पंख फडफडवत थांबतो. तो जिथे थांबतो तिथे बोटभर मासे असतात.

बगळे: उथळ पाण्यात ओळीनं स्तब्ध उभे असतील तर लहान मासा काठाला आला आहे. उडून दुसऱ्या नाल्यात गेले तर मासाही बहुधा हलला आहे.

ऑस्प्रे: हिवाळ्यात येणारा हा शिकारी पक्षी लहान माशाच्या मागे लागत नाही, पाव-अर्धा किलोचा मासा पायात धरून उचलतो. तो घिरट्या घालत असेल तर मध्यम आकाराचा मासा वर आलेला आहे.

याउलट थापट्यासारखी बदकं पाण्यातले बारीक जीव आणि बिया खातात आणि पट्टकादंब हंस गवत, शेतातली कोवळी पानं खातो. त्यांचे हजारोंचे थवे बसले म्हणून तिथे मासा असेलच असं नाही.

दिवसाची कोणती वेळ?

पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात. रात्री सगळेच श्वास घेतात आणि सोडणारं कुणी नसतं. त्यामुळे पहाटे, सूर्य उगवण्याच्या जरा आधी, पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो. ढगाळ दिवस, पडलेला वारा आणि गर्द हिरवं पाणी असं एकत्र आलं तर पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. हे पाहून 'मासा वर आला' म्हणून आनंद होतो, पण तो गुदमरत असतो. छोट्या तलावात अशा वेळी एका रात्रीत मासे मरून तरंगू शकतात. अशा मेलेल्या माशांना गोळा करून विकणं किंवा खाणं टाळावं, कारण ते प्राणवायूअभावी मेले की पाण्यात काही मिसळल्यानं, हे नुसतं पाहून कळत नाही.

सूर्य वर आला की चित्र बदलतं. सकाळी काठाचं उथळ पाणी आधी गरम होतं, म्हणून डिसेंबरच्या थंडीत लहान मासा उन्हाच्या बाजूला येतो. ऑक्टोबरच्या कडक दुपारी मात्र तो सावलीत, झुडपांत किंवा जरा खोल सरकतो. संध्याकाळी सूक्ष्म जीव खालून वर येतात, त्यांच्यामागे लहान मासे आणि त्यांच्यामागे शिकारी. म्हणून दिवेलागणीची वेळ आणि नंतरचा पहिला तास-दोन तास शिवड्यासारख्या माशाचे.

कालव्याला पाणी सुटलं की

इथे खान्देशातल्या धरणांचा स्वतःचा एक नियम आहे. ही धरणं शेती आणि पिण्याच्या पाण्यासाठी आहेत. पाऊस संपल्यावर रब्बीसाठी कालव्याला आवर्तन सुटतं. हतनूरचा उजवा कालवा यावल-चोपड्याकडे जातो. गिरणेचं पाणी गहू-हरभऱ्याला आणि गावांच्या पाणीयोजनांना जातं. पाणी सुटलं की धरणाची पातळी उतरते.

पातळी थोडी जरी उतरली तरी उथळ भागातला मोठा पट्टा उघडा पडतो. गवतात लपलेल्या लहान माशाला बाहेर पडावंच लागतं. तो नाल्याच्या खोल रेषेनं मुख्य पाण्याकडे सरकतो आणि त्या रेषेच्या तोंडाशी शिकारी मासा वाट बघत थांबतो. म्हणून आवर्तन सुरू झाल्यावर नाल्याचं टोक सोडून नाल्याचं तोंड बघायचं. पाणी जसं उतरेल तसा मासाही मागे हटत जातो आणि उन्हाळ्यापर्यंत पुन्हा जुन्या पात्रात येऊन जमतो.

लहान माशात दडलेलं पुढचं वर्ष

इथपर्यंत वाचून वाटेल की लहान मासा दिसला की बारीक जाळं लावावं आणि तोही उचलावा. खरी गोम इथेच आहे.

कटला, रोहू, मृगळ वाहत्या, पुराच्या पाण्यात अंडी घालतात. साठलेल्या पाण्यात ते सहसा प्रजनन करत नाहीत. म्हणून बीज केंद्रात तयार करून धरणात सोडावं लागतं. हे शक्य झालं ते डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांच्यामुळे. १० जुलै १९५७ ला त्यांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांना अंडी घालायला लावण्यात यश मिळवलं. देशात १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळतात तो यामुळेच.

हे बीज मत्स्यजिरे, मत्स्यबीज, अर्धबोटुकली आणि बोटुकली अशा टप्प्यांनी वाढतं. पावसाळ्यात धरणात सोडलेली बोटुकली ऑक्टोबरमध्ये कुठे असते? त्याच बुडालेल्या गवतात, त्याच नाल्याच्या टोकाला, त्याच चंदेरी 'चिल्लर' माशांच्या थव्यात. मच्छरदाणीच्या कापडाचं जाळं ओढलं की दोन्ही एकत्र येतात आणि ढिगाऱ्यात कटल्याचं पिल्लू वेगळं ओळखायला कुणी थांबत नाही.

साधा हिशोब करून पाहा. एक बोटुकली साधारण १० ग्रॅमची धरली तर किलोभर ढिगात १०० पिल्लं बसतात. त्यातली पाचातली एकच जगली आणि वर्षभरात किलोची झाली असं मानलं, तरी ते २० किलो मासे होतात. आज किलोभर चिल्लर म्हणून विकलेला किंवा वाळत घातलेला ढीग म्हणजे पुढच्या वर्षीचे २० किलो. आणि खरोखरची चिल्लर संपवली तर मरळ, शिवडा, शिंगटा उपाशी राहतात. तेही चांगल्या भावानं विकले जाणारे मासे आहेत.

याचा फटका कुणाला बसतो? धरणातली मासेमारी शासन बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं देतं. बीज सोडण्याचा खर्च संस्थेचा, राखण संस्थेची आणि धरणात जमीन गेलेल्या, शेती नसलेल्या भोई, कोळी, भिल्ल कुटुंबांच्या चुली त्यावर. बाहेरून दोन तासांसाठी आलेल्या माणसाला बोटुकली आणि चिल्लर यातला फरक महत्त्वाचा वाटत नाही. ज्याचं वर्ष त्यावर चालतं, त्याला तो वाटतो.

म्हणून मोठ्या भोकाचं जाळं हाच सगळ्यात स्वस्त उपाय. भोक मोठं असलं की पिल्लू निसटतं आणि जाळ्यात राहतो तो विकण्याजोगा मासा. गळाला लावायला आमिष हवं असेल तर गांडूळ, कणकेची गोळी किंवा बाजारातून आणलेले झिंगे पुरतात. त्यासाठी धरणातली पिल्लं लागत नाहीत.

जाण्याआधी हे माहीत हवं

ठेक्यानं दिलेल्या पाण्यात परवानगीशिवाय मासे धरता येत नाहीत. गळ टाकायचा असला तरी आधी संस्थेला किंवा जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारावं. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण परिसर वन्यजीव अभयारण्य आहे, तिथे वन विभागाचे नियम लागतात.

जिलेटिनचा स्फोट आणि विष टाकून मासे मारण्यावर १८९७ च्या भारतीय मत्स्य कायद्यापासून बंदी आहे. स्फोटात मोठ्यासोबत पिल्लं, अंडी, झिंगे सगळंच मरतं आणि त्यातलं बरंचसं तळाशी जाऊन हाती लागतही नाही.

उरलेलं जिवंत आमिष किंवा घरच्या टाकीतला मासा धरणात सोडू नये. विदेशी मांगूर पाळण्यावर देशात बंदी आहे, कारण तो दिसेल ते खातो आणि स्थानिक मासे संपवतो. चिलापीही बाहेरून आलेली. एकदा पाण्यात पसरली की तिला परत काढता येत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दरवाजे उघडलेले असताना धरणाच्या खालच्या बाजूला उतरू नये. वर मध्य प्रदेशात पाऊस झाला तर खाली लख्ख ऊन असतानाही पाणी अचानक वाढतं. वरच्या बाजूला पातळी उतरल्यावर उघडा पडलेला काठ कोरडा दिसतो, पण खाली गुडघाभर, कधी कमरेएवढा गाळ असतो. पोहता येणारा माणूसही त्यात अडकतो. एकट्यानं जाऊ नये आणि तराफ्यावर बसायचं तर अंगात लाइफ जॅकेट हवं.

थोडक्यात, पुढच्या वेळी काठावर उभं राहिल्यावर

आधी पाण्याचा रंग बघा. चहासारखं असेल तर अजून वेळ आहे, हिरवट असेल तर जेवण सुरू झालंय. मग वारा कोणत्या काठाला लागतोय ते बघा. पाणकावळे आणि सुरय कुठे आहेत ते शोधा. बुडालेलं गवत कुठे संपतं आणि खोल पाणी कुठे सुरू होतं ती रेषा डोळ्यांनी आखा. कालव्याला पाणी सुटलंय का, हे गावात कुणालाही विचारा.

ऑक्टोबरमध्ये नाल्याचं टोक, नोव्हेंबरमध्ये आवर्तनानंतर नाल्याचं तोंड, डिसेंबरमध्ये उन्हाचा काठ आणि खोल कडा. या क्रमानं गेलं तर भरलेलं धरणही रिकामं वाटत नाही.

आणि काठाशी बोटभर माशांचा थवा लुकलुकताना दिसला तर त्याला तसाच राहू द्या. मोठ्या माशापर्यंत पोहोचवणारा रस्ता तोच आहे आणि त्यातले काही पुढच्या वर्षी स्वतःच मोठे मासे होणार आहेत.